नागपूरच्या उन्हाळ्यात ब्लूटूथ स्पीकरची बॅटरी जपा

सीताबर्डीत मी स्पीकर दुरुस्त करतो. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे सरकला की फुगलेल्या बॅटऱ्या टेबलावर यायला लागतात. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता सोसत नाही; त्यात ती 100 टक्के भरलेली असली तर आणखी लवकर म्हातारी होते. फुटाळा तलावावर जाताना स्पीकर उन्हातल्या गाडीत सोडू नका, कृपा करून. तापलाच तर आधी सावलीत निवू द्या, मग चार्जिंगला लावा. रोजच्या वापरात 20 ते 80 टक्के पुरे. आवाज थोडा कमी ठेवला तर तोच चार्ज जास्त वेळ चालतो. बरेच दिवस वापरायचा नसेल तर अर्धा चार्ज करून बंद ठेवा, अधूनमधून तपासा. बॅटरी फुगली असेल तर दाबू नका, टोचू नका. चार्जिंग लगेच थांबवा.