सोमवारचा फोन : मायनर लीगमधल्या रिलीफ पिचरच्या आईबापांसाठी

न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळाच्या गणपतीत हल्ली दरवर्षी एखादा बाप मला प्रसादाच्या रांगेतून बाजूला घेतो. "तुमचा मुलगा होता ना हो प्रोफेशनल बेसबॉलमध्ये? आमचा सोळाचा आहे, डावखुरा, जोरात टाकतो. पुढे कसं असतं?" द्रोणातला शिरा गार होईपर्यंत हे सांगून संपत नाही, म्हणून एकदाच लिहून काढतो.

मी सांगलीचा, रेडिओवरच्या क्रिकेटवर वाढलेला. पोरगा कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होता तेव्हा २०२१ सालचा ड्राफ्ट झाला, म्हणजे मेजर लीगच्या (सगळ्यात वरच्या लीगच्या) क्लबांनी नवे खेळाडू निवडले; निवडलेले आधी खालच्या मायनर लीगमध्ये खेळतात. पूर्वी ड्राफ्टच्या ४० फेऱ्या असायच्या, आता २० असतात. विसांत त्याचं नाव आलं नाही. दोन दिवसांनी एका क्लबचा फोन आला आणि किरकोळ बोनसवर सही झाली. आम्ही पेढे वाटले. करार मात्र नीट वाचला नाही, त्याबद्दल पुढे सांगतो.

कॉलेजात तो स्टार्टर होता, म्हणजे सामन्याची सुरुवात करणारा पिचर (चेंडू टाकणारा). क्लबने पहिल्याच आठवड्यात त्याला बुलपेनमध्ये, म्हणजे मध्येच आत येणाऱ्या रिलीफ पिचरांत पाठवलं. ओपनरला अकराव्या नंबरवर ढकलावं तसं मला वाटलं आणि दोन दिवस मी त्याच्या आईशीही धड बोललो नाही. खरा हिशेब वेगळा असतो. स्टार्टरला तेच फलंदाज दोन-तीनदा भेटतात, म्हणून त्याच्याकडे तीन-चार प्रकारचे चेंडू लागतात. रिलीफ पिचरला एखादी इनिंग (सामन्याच्या नऊ भागांपैकी एक) टाकायची असते. दोनच चेंडू, पण अस्सल, आणि अंगात आहे तेवढा जोर. आमच्याकडे फास्टबॉल होता, स्लायडर (शेवटी आडवा वळणारा चेंडू) होता, तिसरं काही कधी जमलंच नाही. मारियानो रिव्हेराला न्यूयॉर्कच्या यांकीज क्लबने १९९० साली पनामातून अडीच हजार डॉलरवर घेतलं. तो पुढे मुख्यतः एका कटरवर (शेवटी किंचित वळणाऱ्या वेगवान चेंडूवर) जगला आणि २०१९ मध्ये एकमताने हॉल ऑफ फेममध्ये गेला. केनली जॅन्सन तर कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखा) होता. २००९ मध्ये त्याला पिचर केलं आणि पुढच्याच वर्षी तो मेजर लीगमध्ये दिसला. तेव्हा बुलपेनमध्ये पाठवलं म्हणून रुसू नका.

आता शिडी. तळाला फ्लोरिडा आणि ॲरिझोनातल्या कॉम्प्लेक्स लीग. तिथे कडक उन्हात, जवळजवळ रिकाम्या मैदानावर खेळतात. त्यावर सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. २०२१ पासून प्रत्येक क्लबचे असे चार संघ, म्हणजे ३० क्लबांचे १२०. मी याकडे शाळेच्या इयत्तांसारखं पाहत होतो: मार्क मिळाले की वरच्या वर्गात. माझी सगळ्यात मोठी चूक हीच. वरच्या संघात कोणाचा तरी कोपर दुखावतो, त्या जागी खालचा एक जातो, त्याच्या जागी आणखी खालचा. आमचा पोरगा २०२२ मध्ये ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर चढणारे सरासरी रन, कमी तितका चांगला) चारच्या वर असताना बढती घेऊन गेला आणि २०२४ मध्ये तीनच्या खाली असताना जागचा हलला नाही.

ईआरएवरून आठवलं. रिलीफ पिचरच्या बाबतीत हा आकडा फार फसवा. समजा तो आत आला तेव्हा दोन रनर आधीच बेसवर आहेत आणि त्याने दोघांनाही घरी जाऊ दिलं, म्हणजे दोन रन झाले. ते रन चढतात आधीच्या पिचरच्या खात्यावर. उलट त्याने बेसवर सोडलेले रनर पुढच्या पिचरने घरी जाऊ दिले तर ते रन याच्या नावावर. सीझनभरात पन्नास-साठ इनिंग, त्यात एक वाईट रात्र सगळं नासवते. क्लबवाले बघतात ते स्ट्राइक किती, वॉक (चार वाईट चेंडूंवर फलंदाजाला फुकट बेस) किती, किती फलंदाजांची बॅट हवेत फिरली, चेंडू किती फिरतो आणि वळतो. हे मोजणारी यंत्रं मैदानावर असतातच. मुलाला कोचकडून हे आकडे विचारून घ्यायला सांगा. माझा मुलगा पहिलं वर्षभर लाजला.

एक आकडा मात्र कुठेच छापला जात नाही: किती वेळा गरम होऊन बसला. बुलपेनचा फोन वाजतो, पोरगा उठतो, वीस-पंचवीस चेंडू टाकतो, आणि पुढचा फलंदाज डबल प्ले देतो (एकाच चेंडूवर दोन बाद). बसा परत खाली. स्कोअरकार्डवर शून्य, खांद्यावर मात्र पूर्ण हजेरी. दुसऱ्या वर्षापासून आमच्याने छोटी वही ठेवली: आज टाकलं, आज नुसतं गरम झालो, आज काही नाही. ती वही दाखवून त्याने दोनदा सुट्टी मागितली आणि मिळाली. त्याच्या रूममेटने नाही मागितली, त्याची टॉमी जॉन सर्जरी (कोपराच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया) झाली. त्यातून उठायला वर्ष तर जातंच, कधी दीडही.

डावखुरा आहे, एवढ्यावर विसंबू नका. पूर्वी एकाच डावखुऱ्या फलंदाजासाठी यायचं आणि परत जायचं, अशी नोकरी असायची. २०२० पासून मेजर लीगमध्ये किमान तीन फलंदाजांना टाकावंच लागतं, किंवा इनिंग संपवावी लागते. उजव्यांनाही बाद करता आलं पाहिजे. आपल्याकडचा डावखुरा रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे, भदोहीचा भालाफेकपटू) २००८ मध्ये एक स्पर्धा जिंकून दिनेश पटेलबरोबर पिट्सबर्ग पायरेट्स क्लबकडे गेला, तोही रिलीफ पिचर म्हणूनच सिंगल-एपर्यंत चढला. चेंडू हातात घेतल्यापासून अवघ्या काही वर्षांत! पुढे दुखापतींनी घात केला आणि तो कुस्तीच्या रिंगणात गेला.

पैशाचं बोलू. २०२२ मध्ये कॉम्प्लेक्स लीगचा वर्षाचा पगार ४,८०० डॉलर होता. त्या सप्टेंबरात मायनर लीगचे खेळाडू युनियनमध्ये आले. २०२३ च्या करारात कॉम्प्लेक्सला १९,८००, सिंगल-एला २६,२००, डबल-एला ३०,२५० आणि ट्रिपल-एला ३५,८०० झाले. मेजर लीगमध्ये २०२५ चा किमान पगार ७,६०,००० होता. मधल्या त्या एका पायरीसाठीच सगळी धडपड. २०२२ पासून राहण्याची सोयही क्लबच करतो. हिवाळ्यात आमचा पोरगा लहान मुलांना पिचिंग शिकवायचा आणि गोदामात पाळी करायचा.

आता करार. राहिलेल्या शिक्षणाचा खर्च क्लबने द्यावा, असं कलम सही करतानाच घालून घेता येतं. आम्ही पेढ्यांच्या नादात ते विचारलंच नाही. पदवीचं शेवटचं वर्ष तो आता पदरच्या पैशाने करतोय. तुम्ही सही करण्याआधी वकिलाला दाखवा, नात्यातला इंजिनिअर चालणार नाही. मीच तो होतो.

शेवटचं, फोनचं. मंगळवार ते रविवार एकाच संघाशी सहा सामने, सोमवार सुट्टी, असं वेळापत्रक असतं. सामन्यानंतर फोन करू नका. जिंकले तर तो जेवत असतो, हरले तर बोलायचं नसतं. आमच्या घरी सोमवारी संध्याकाळी सात वाजता, असं ठरलं होतं, आणि हिवाळ्यातही ते चालू राहिलं. चार वर्षांत दोनदाच तो दुसऱ्या वारी आला. एकदा जूनमधल्या शुक्रवारी रात्री साडेअकराला, बसच्या आवाजात: "बाबा, डबल-ए!" दुसऱ्यांदा २०२५ च्या मार्चमध्ये, गुरुवारी सकाळी. मी गाडी चालवत होतो. स्क्रीनवर त्याचं नाव पाहिलं आणि उचलण्याआधी गाडी बाजूला घेतली.