आकड्यांआधी प्रश्न वाचा

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात अपंग व्यक्ती २.२१ टक्के. जागतिक आरोग्य संघटना २०२२ मध्ये जगासाठी सांगते १६ टक्के. एम.ए.ला असताना हे दोन आकडे मी एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी मांडले होते. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, "प्रश्न काय होता?" मी तो वाचलाच नव्हता.

जनगणनेत ही व्यक्ती अपंग आहे का, असं थेट विचारून आठ प्रकारांपैकी एक नोंदवत. १६ टक्के हा अंदाज आहे, दारोदार मोजणी नव्हे. वॉशिंग्टन गट म्हणजे अपंगत्वाची आकडेवारी देशोदेशी तुलना करता यावी म्हणून प्रश्न आखणारा संयुक्त राष्ट्रांचा गट. त्याची तऱ्हा आणखी निराळी. त्यांच्या सहा प्रश्नांत 'अपंग' हा शब्दच नाही. दिसणं, ऐकू येणं, चालणं किंवा पायऱ्या चढणं, लक्षात राहणं, स्वतःचं आवरणं, बोलणं समजणं-समजावणं: यात त्रास होतो का, आणि किती? 'अजिबात नाही' ते 'जमतच नाही' असे चार पर्याय.

हा फरक खरा कळला तो साताऱ्याकडच्या एका गावात, प्रश्नावलीची चाचणी घेताना. संडासला बसता-उठता अडचण येते का, असं एका आजींना विचारलं. "नाही बाई." थोड्या वेळानं त्या उठल्या, तेव्हा मला खुंटीला बांधलेली सुती दोरी दिसली. तीच धरून त्या रोज उठत होत्या. "वयाप्रमाणं चालायचंच," म्हणाल्या. युरोपातल्या कमोडवरून उठणाऱ्या बाईचं 'नाही' आणि आजींचं 'नाही' एकाच खान्यात टाकताना मला अजूनही अवघड वाटतं.

घरकामाच्या प्रश्नांत तर जास्तच सांभाळावं लागतं. आजोबांना स्वयंपाक जमतो का? त्यांनी आयुष्यात चूल पेटवलेली नाही. अमेरिकेच्या एचआरएस (हेल्थ अँड रिटायरमेंट स्टडी) या उतारवयातल्यांच्या पाहणीत 'करत नाही' हे वेगळं उत्तर आहे, आणि ते तब्येतीमुळे का, हेही विचारतात. मी सुरुवातीला 'करत नाही' म्हणजे 'अडचण' धरलं आणि पुरुष बायकांपेक्षा परावलंबी दिसू लागले. सगळं पुन्हा करावं लागलं.

आपल्याकडे ४५ वर्षांवरच्यांसाठी 'लासी' ही वृद्धत्वाची देशव्यापी पाहणी आहे. पहिली फेरी २०१७-१८ ची, एचआरएसशी तुलना करता येईल अशी आखलेली. नवख्यांनी तिथूनच सुरुवात करावी. पण विदा (डेटा) उघडण्याआधी वहीत लिहा: मूळ प्रश्न, उत्तरांचे पर्याय, कोणाला विचारला, कोणाला वगळला, उत्तर स्वतः दिलं की सुनेनं. मग तोच प्रश्न मराठीतून घरातल्या थोरल्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवा, आणि उत्तर आल्यावर थोडा वेळ तिथंच बसा.