कुंडीत मोगरा, रुमालावर मोगरा : उन्हाळ्याच्या तोंडावर घरच्या घरी कसे करावे

मार्च महिना लागला की घरातल्या कामांच्या वेळा उन्हाच्या हिशेबाने बदलाव्या लागतात. बाल्कनीत, गच्चीवर किंवा अंगणात सकाळी आठ-साडेआठपर्यंत आणि सायंकाळी ऊन उतरल्यानंतरच काम करता येते. मधल्या वेळेत झाडांना हात लावणे त्यांच्याही हिताचे नसते आणि आपल्याही. उरलेल्या दुपारी पंख्याखाली बसून करण्याजोगे काम म्हणजे भरतकाम. या लेखात त्यासाठी मोगरा हे एकच झाड निवडले आहे : सकाळी त्याची कुंडी सांभाळावी आणि दुपारी त्याचीच डहाळी ताटावर झाकायच्या रुमालावर भरावी. हलक्या छाटणीनंतर मोगऱ्याला कळ्या यायला साधारण दीड महिना लागतो, आणि दुपारचा तासभर नेमाने दिला तर तेवढ्या अवधीत रुमालही पुरा होतो. छाटणी मार्चच्या आरंभी केल्यास चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला फुलेही हाताशी असतात आणि ओल्या हरभऱ्यांच्या ताटावर टाकायला रुमालही.

कुंडी आणि छाटणी

मोगऱ्याला दिवसातून निदान पाच-सहा तास ऊन लागते. सावलीतला मोगरा मरत नाही, नुसती पाने वाढवत राहतो, आणि मग फुले का येत नाहीत म्हणून लोक त्याला खतामागून खत घालत बसतात. बाल्कनीचा कठडा पूर्वेला किंवा दक्षिणेला असेल तर जागा चांगली. केवळ उत्तरेची बाल्कनी असेल तर मोगऱ्याचा हट्ट न धरता पुदिना लावणे अधिक शहाणपणाचे. कुंडी निदान बारा इंच तोंडाची आणि तितकीच खोल असावी. दोन भाग बागेची माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू हे मिश्रण पुरते. शेणखत अर्धवट कुजलेले असेल तर कुजताना त्याची उष्णता मुळांना बाधते आणि उन्हाळ्यात हा त्रास दुप्पट होतो, म्हणून ते हातात घेऊन पाहावे : वास मातीचा यावा, शेणाचा नव्हे.

पालघर जिल्ह्यात जव्हार, विक्रमगड या भागांतले मोगरा उत्पादक थंडीतच झाडांना पाण्याचा ताण देतात आणि छाटणी करून घेतात, कारण मोगऱ्याला फुले येतात ती नव्या फुटीवर. घरी थंडीतली छाटणी राहून गेली असेल तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात हलकी छाटणी करावी. धारदार कात्रीने प्रत्येक फांदीचा वरचा तिसरा हिस्सा, पानांच्या जोडीच्या जरा वर, तिरका कापावा. वाळलेल्या आणि एकमेकींत अडकलेल्या फांद्या मुळाशी काढून टाकाव्यात. पाण्याचा ताण मात्र या दिवसांत कुंडीतल्या झाडाला देऊ नये, कारण कुंडीतली माती शेतातल्या मातीपेक्षा फार लवकर तापते आणि ताणाचे रूपांतर झाड करपण्यात होते. छाटल्यावर माती बोटभर खोल उकरून दोन मुठी शेणखत आणि एक मूठ निंबोळी पेंड मिसळावी व लगेच पाणी घालावे. हीच मात्रा महिन्यातून एकदा पुरे. जास्त नत्राने झाड हिरवेगार होते आणि फुलांना मुकते. चहाचा चोथा घालायचाच असेल तर दूध-साखर निघून जाईपर्यंत धुऊन घालावा, नाहीतर मुंग्यांना आमंत्रण दिल्यासारखे होते.

पाणी

उन्हाळ्यात झाडे पाण्यावाचून जितकी मरतात, जवळपास तितकीच नको तेव्हा घातलेल्या पाण्याने मरतात. सकाळी मातीत तर्जनी दोन पेरे खुपसून पाहावी. खालची माती कोरडी लागली तरच पाणी घालावे, पण घालताना ते तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत सावकाश घालावे. वरवर शिंपडलेल्या पाण्याने मुळे वरच राहतात आणि एप्रिलमध्ये तीच आधी भाजतात. एप्रिल-मे महिन्यांत बहुतेक कुंड्यांना सायंकाळीही पाणी लागते. थाळीत साचलेले पाणी रोज ओतून द्यावे, कारण डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतात.

गच्चीच्या सिमेंटवर टेकलेली कुंडी खालूनही भाजते. ती दोन विटांवर ठेवावी, म्हणजे तळाशी हवा खेळते. मातीवर वाळलेली पाने, उसाचे पाचट किंवा नारळाच्या शेंड्या यांचा दोन इंच थर पसरावा. मात्र तो खोडाला चिकटू देऊ नये. विदर्भात आणि मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडू लागला की दुपारच्या वेळी पन्नास टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधावी. कोकणात जाळीची गरज क्वचितच पडते, तिथे दमटपणामुळे कुंड्या एकमेकींपासून अंतरावर ठेवणे जास्त महत्त्वाचे. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याने मातीवर पांढरी खपली धरते आणि पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडू लागतात. अशा वेळी खपली खरवडून टाकावी आणि शक्य असेल तर काही दिवस नळाचे पाणी द्यावे.

कीड ओळखताना पानाच्या वरच्या बाजूपेक्षा खालची बाजू पाहावी. पान निस्तेज, धुळकट दिसू लागले तर त्याच्याखाली पांढरा कागद धरून पानावर टिचकी मारावी. कागदावर पडलेले लालसर ठिपके हळूहळू सरकू लागले तर ती कोळी कीड आहे. कोरड्या उष्णतेत ती झपाट्याने वाढते, म्हणून दोन-तीन दिवस सकाळी पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारावा. तेवढ्याने भागले नाही तर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि साबणाच्या पाण्याचे काही थेंब मिसळून ऊन उतरल्यावर फवारावे. भर उन्हात तेल फवारले तर पाने करपतात. भोके पडलेल्या, जांभळट झालेल्या कळ्यांत अळी असते. त्या खुडून कुंडीत न टाकता बाहेर नष्ट कराव्यात.

याच दिवसांत रिकाम्या कुंड्यांत लाल माठ टाकावा, तो महिन्याभरात कापणीला येतो. भेंडी आणि गवार मार्चमध्ये पेरता येतात. फुलांमध्ये सदाफुली आणि ऑफिस टाइम ही दोन्ही उन्हाला दाद देत नाहीत.

दुपारची तयारी

मातीत काम केलेल्या हातांनी थेट सुई धरू नये. नखांच्या कडेला राहिलेली माती पांढऱ्या दोऱ्यावर उमटते आणि खरखरीत झालेल्या बोटांना दोऱ्याचे पदर अडकतात. हात साबणाने धुऊन, चमचाभर साखर आणि लिंबाचे चार थेंब तळहातांवर चोळून पुन्हा धुवावेत. बोटे मऊ होतात. त्या वेळी हाताला तेल लावू नये, कारण तेलाचा डाग कापडातून सहज निघत नाही. बसण्याची जागा खिडकीजवळ अशी निवडावी की उजव्या हाताने काम करणाऱ्याला उजेड डावीकडून मिळेल आणि हाताची सावली टाक्यावर पडणार नाही. घाम येत असेल तर हातरुमाल मांडीवर असू द्यावा. रिंगेत ताणलेल्या पांढऱ्या कामावर घामाचे बोट पडले की ते उठून दिसते.

रुमालासाठी केसमेंटचे कापड उत्तम : विणीला घट्ट, टाका धरून ठेवणारे, आणि रंगांत विपुल. फूल पांढरे असल्यामुळे कापड फिकट पोपटी, आकाशी किंवा कैरीसारख्या हिरव्या रंगाचे घ्यावे. अठरा इंचांचा चौकोन कापून तो आधी धुऊन, वाळवून इस्त्री करावा. सुती कापड आटते, आणि भरल्यानंतर आटले तर टाक्यांभोवती चुण्या पडतात. दोरा सहा पदरी, 8 मीटरच्या लडीत मिळणारा घ्यावा : पांढऱ्याच्या दोन लड्या, गडद आणि पोपटी अशा दोन हिरव्यांची एकेक, आणि फांदीसाठी फिकट तपकिरी. सहा इंची लाकडी रिंग पुरेशी आहे. सुई आठ क्रमांकाची. भरतकामाच्या सुयांमध्ये क्रमांक वाढतो तशी सुई बारीक होते, हे दुकानात लक्षात असू द्यावे.

छाप बाजारातून आणण्याचे कारण नाही, आणि तयार छापांतला मोगरा बहुधा मोगऱ्यासारखा दिसतही नाही. कुंडीतली किंवा फुलवाल्याकडची एक डहाळी समोर ठेवून पाहावी. पाने समोरासमोर जोडीने येतात, रुंद असतात आणि टोकाला किंचित निमुळती होतात. कळ्या डहाळीच्या टोकाशी गुच्छाने येतात. प्रत्येक कळीच्या बुडाशी दोऱ्यासारखी बारीक हिरवी दले बाहेर फाकलेली असतात. हीच दले भरली की पाहणाऱ्याला फूल मोगऱ्याचे आहे हे सांगावे लागत नाही. कागदावर एक फांदी, पानांच्या तीन जोड्या, पाच-सहा कळ्या आणि दोन उमललेली फुले एवढेच काढावे आणि पिवळ्या कार्बनने रुमालाच्या एका कोपऱ्यात उतरवावे. चारही कोपरे भरण्याचा मोह टाळावा, कारण अर्धवट राहणारे रुमाल बहुधा याच मोहातून राहतात.

टाके

दोरा बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत लांब घ्यावा. त्याहून लांब दोरा वारंवार कापडातून जाऊन विसविशीत होतो. लागणारे पदर एकेक करून ओढून काढावेत आणि मग एकत्र ओवावेत, म्हणजे पीळ बसत नाही. गाठ न मारता दोऱ्याचे टोक मागे दोन इंच मोकळे ठेवून नंतर टाक्यांखाली ओवून टाकावे.

फांदी आधी भरावी. दोन पदरी तपकिरी दोऱ्याने देठटाका घालताना सुईखालचा दोरा नेहमी एकाच बाजूला ठेवावा. बाजू बदलली की रेघ तुटल्यासारखी दिसते. टोकाकडची कोवळी फूट पोपटी रंगाने करावी. पानांना फिशबोन टाका शोभतो : पानाच्या टोकापासून मध्यशिरेवर एक लहान सरळ टाका घालावा, मग एकदा डाव्या आणि एकदा उजव्या कडेवरून सुई काढून ती मध्यशिरेच्या किंचित पलीकडे खुपसावी. पानाचा एक अर्धा गडद आणि दुसरा पोपटी करून पाहावा; मोगऱ्याच्या पानाची चकाकी त्यात उतरते.

कळीसाठी बुलियन टाका आहे, आणि सारे कसब त्यातच आहे. दोन पदरी पांढरा दोरा कळीच्या बुडाशी वर काढावा, सुई टोकाशी खुपसून पुन्हा बुडाशी वर आणावी, पण ओढून घेऊ नये. वर आलेल्या सुईच्या टोकाभोवती दोरा सहा-सात वेळा, ना घट्ट ना सैल, गुंडाळावा. वेढ्यांची लांबी कळीएवढी झाली की डाव्या अंगठ्याने वेढे हलकेच दाबून धरावेत आणि सुई ओढून घ्यावी. दोरा टोकाकडे वळवून, वेढे नखाने सारखे करून सुई टोकाशी खाली घालावी. सुई अडकत असेल तर वेढे घट्ट झालेले असतात. कळी टपोरी हवी असेल तर असेच दोन टाके शेजारी शेजारी घालावेत. बुलियनसाठी नाकाशी जाड न होणारी लांब सुई मिळाली तर काम अर्ध्याने सोपे होते. पहिले चार-पाच टाके कापडाच्या तुकड्यावरच घालावेत.

उमललेले साधे फूल लेझी डेझीच्या, म्हणजे साखळीटाक्याच्या एकेका सुट्या फासाच्या, सात पाकळ्यांनी होते. भरगच्च पाकळ्यांचा बटमोगरा हवा असेल तर मध्ये दोन छोटे बुलियन घालून त्यांच्याभोवती थोडे लांब, वळणारे बुलियन एकमेकांवर चढते घालत जावे; वळणासाठी लागतात त्यापेक्षा दोन वेढे जास्त घ्यावेत. शेवटी प्रत्येक कळीच्या बुडाशी एकपदरी हिरव्या दोऱ्याने चार-पाच बारीक सरळ टाके फाकवावेत. शिकाऊ मुलांना मोगऱ्याऐवजी सदाफुली द्यावी : पाच पाकळ्या, मध्ये गडद ठिपका, आणि एका दुपारी काम संपते.

उठताना रिंग दर वेळी काढून ठेवावी, नाहीतर तिचा गोल वळ कापडावर राहतो. काम पुरे झाल्यावर कडा अर्धा इंच दोनदा दुमडून हेमिंग करावे. रुमाल गार पाण्यात सौम्य साबणाने, न पिळता धुवावा आणि सावलीत वाळवावा. कार्बनच्या रेघा पुसल्या गेल्या आहेत याची खात्री होईपर्यंत इस्त्री फिरवू नये, कारण उष्णतेने त्या पक्क्या बसू शकतात. इस्त्री करताना टर्किश टॉवेलवर भरलेली बाजू खाली ठेवावी. उलट केले तर बुलियन कळ्या चपट्या होतात.

मोगऱ्याची फुले सायंकाळी उमलतात, म्हणून हळदीकुंकवासाठी टपोऱ्या झालेल्या कळ्या त्याच दिवशी दुपारनंतर काढाव्यात आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. बहर ओसरला की फुले येऊन गेलेली प्रत्येक डहाळी पानांच्या दोन जोड्यांखाली कापावी आणि पुन्हा मूठभर खत द्यावे. त्या फुटीवर पावसाळ्याआधी दुसरा बहर येतो.