केमो आणि केस: या चुका टाळा

केमोच्या डे-केअरमध्ये शेजारच्या खुर्चीवरची नवी बाई हमखास म्हणते, "माझे केस दाट आहेत, नाही जायचे." दाटपणाचा इथे काय संबंध? स्तनाच्या कॅन्सरसाठी लाल औषध, म्हणजे ॲड्रियामायसिन, सुरू झालं की पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत केस उतरतात.

मीही हट्टाने वेणी ठेवली होती. सतराव्या दिवशी सासूबाईंनी मायेने तेल चोळलं, दुसऱ्या दिवशी न्हायले, आणि गळालेले केस न गळालेल्यांत असे गुंतले की मानेवर जटच झाली. दीड तास फणीशी झुंजले, टाळू सोलवटून निघाला, शेवटी कात्रीच लावली. म्हणून सांगते, पहिल्या डोसच्याच आठवड्यात केस आखूड करून टाका. विग घ्यायचा तर तोही डोक्यावर केस असतानाच घ्या, रंग जुळवता येतो.

वस्तरा अजिबात नको. केमोने जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना एवढासा कापलेला ओरखडाही महागात पडतो. ट्रिमर फिरवा, खुंट राहिले तर राहू देत.

सिंथेटिक विग घालून गॅसपाशी उभं राहू नका. कुकरची वाफ लागली की पुढच्या बटा आक्रसतात, त्या काही सरळ होत नाहीत. स्वयंपाकाला मी सुती स्कार्फच बांधायचे.

कोल्ड कॅप, म्हणजे केस वाचावेत म्हणून डोक्यावर घालायची गार टोपी, औषधाआधी साधारण अर्धा तास चढवतात आणि औषध संपल्यावरही बराच वेळ ठेवतात. "थंडी वाजते" म्हणून मध्येच काढायची असेल तर मुळात घेऊच नका.

भुवया-पापण्याही जातात, नाकातले केसही. नाक गळतं ते बऱ्याचदा त्यामुळे, दरवेळी सर्दीच असते असं नाही.

आता उतावळ्यांविषयी. शेवटच्या डोसला पंधरा दिवस होत नाहीत तोच कांद्याचा रस आणि बायोटिन, म्हणजे केसांसाठी घेतात ते व्हिटॅमिन, सुरू! कांद्याने उशी वास मारते, बाकी काही होत नाही. बायोटिनने मात्र थायरॉइडसारख्या रक्ततपासण्यांचे आकडे चुकू शकतात, घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. लव यायला एक ते तीन महिने लागतात. पुढे कॅन्सर परत येऊ नये म्हणून दिलेल्या टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल या हार्मोनच्या गोळ्यांनी केस जरा विरळ वाटले तर आपल्या मनाने गोळी बंद करू नका. हे करणाऱ्या बायका मी पाहिल्यात आणि त्यांच्यावर चिडलेही आहे.

माझे आले ते कुरळे. फणी पुन्हा अडकते, आणि सासूबाई तेलाची वाटी घेऊन पुन्हा हजर.