एक ओळ, तोंडापासून भिंतीपर्यंत: रॅप आणि चित्र जोडणारी कार्यशाळा कशी घ्यावी

कविता, रॅप आणि चित्र अशी तिन्ही अंगं एका कार्यशाळेत आणायची म्हटलं की वेळापत्रक सहसा असं बनतं: सकाळी लेखन, दुपारी रंग, संध्याकाळी सादरीकरण. तिन्ही गोष्टी होतात, पण एकीचा दुसरीला पत्ता नसतो. लोक लिहितात एक, भिंतीवर उमटतो माईक आणि उडणारा पक्षी, आणि सादर होतं भलतंच. हे टाळायचं तर सगळी आखणी ओळीभोवती करा. माणसाच्या तोंडून निघालेली एक ओळ तालावर बसते, कागदावर अक्षर होते, भिंतीवर चढते आणि शेवटी त्याच भिंतीसमोर गर्दीत म्हटली जाते. रॅप ज्या संस्कृतीचा भाग आहे त्या हिपहॉपचा जन्मही असाच एकत्र झाला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या सामाईक खोलीत डीजे कूल हर्कने तबकड्या फिरवल्या, तो दिवस हिपहॉपचा वाढदिवस मानतात. त्या शहरात भिंतीवरची अक्षरं, नाच आणि माईक एकाच पिढीच्या हातात होते.

१२ ते १५ माणसं घ्या. २० च्या वर गेलात की प्रत्येकाची ओळ ऐकायला वेळच उरत नाही. अडीच तासांच्या पाच बैठका आणि भिंतीसाठी एक पूर्ण दिवस लागतो. पहिल्या दोन बैठका बोलण्या-लिहिण्याच्या, तिसरी तालाची, चौथी अक्षरांची, पाचवी सरावाची.

कच्चा माल

"तुमच्या मनातलं लिहा" असं सांगितलं की समोर येतं ते "जीवन एक संघर्ष आहे". चूक लिहिणाऱ्याची नसते, प्रश्नाची असते. वस्तू विचारा. रोज हात लागतो असं एक दार, रोज उभं राहावं लागतं अशी एक रांग, कधीच न बदलणारी एक पाटी. दहा मिनिटांत प्रत्येकाने एकच वाक्य द्यायचं, तेही बोलल्यासारखं. ज्यांना लिहायला जड जातं त्यांचं वाक्य फोनवर रेकॉर्ड करून दुसऱ्याने जसंच्या तसं उतरवावं. "पानी" म्हटलं असेल तर "पाणी" करू नका, "व्हतं"चं "होतं" करू नका. बोली सुधारली की ताल मोडतो आणि माणूसही गप्प होतो. शुद्धलेखन कोणतं ठेवायचं हे ज्याची ओळ त्याने ठरवायचं, भिंतीवरसुद्धा.

कार्यशाळा घेणाऱ्याने दुसऱ्याच्या वहीवर पेन टेकवू नये. हा एक नियम मोडला की पाचव्या बैठकीपर्यंत सगळ्यांच्या ओळी एकाच माणसाने लिहिल्यासारख्या वाटू लागतात. फक्त तीन प्रश्न विचारा: कुठे? किती? कोण? समजा कुणी म्हणालं, "आमच्याकडे लिफ्ट कायम बंद." किती दिवस? तीन महिने. कोण अडकलं? आजी. कुठे? तिसऱ्या मजल्यावर, खिडकीपाशी. आता हातात माल आला.

तालावर बसवणं

बीट, म्हणजे मागे वाजणारा ताल, ८५ ते ९५ बीपीएमच्या (मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांच्या) दरम्यान ठेवा. ९० च्या वेगाला चार ठोक्यांचा एक बार २.६७ सेकंदांचा होतो, म्हणजे सोळा बारचं कडवं सुमारे ४३ सेकंदांत संपतं. नवख्याला श्वास घेता येतो आणि ओळ ओढावीही लागत नाही. १२० वर गेलात की निम्मे शब्द गिळले जातात.

आधी टाळी. किक, म्हणजे ड्रमचा खोल ठोका, साधारण पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर असते, स्नेअर, म्हणजे कडक ठोका, दुसऱ्या आणि चौथ्यावर. बहुतेक जण सवयीने समेवर टाळी देतात, मग शब्दही समेवर आपटत राहतात आणि रॅप पाढ्यांसारखा ऐकू येतो. दहा मिनिटं फक्त दोन आणि चारवर टाळी द्यायला लावा, पायाने एक आणि तीन. ते अंगात बसल्याशिवाय शब्दाला हात लावू नका.

आता मराठीची खास अडचण. अक्षरं मोजायची सवय आपल्याला अभंगापासून आहे. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा, चार अशी कागदावरची अक्षरं मोजतात. रॅपमध्ये मोजायचे ते तोंडातून सुटणारे उच्चार. "घर" कागदावर दोन अक्षरं, बोलताना एक उच्चार. "करतो" तीन अक्षरं, उच्चार दोन: कर्-तो. "मनातलं" चार अक्षरं, उच्चार तीन. वहीत सारख्या दिसणाऱ्या दोन ओळी बीटवर लांब-आखूड का होतात, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. ९० च्या वेगाला एका बारमध्ये ९ ते १३ उच्चार आरामात बसतात.

लिफ्टच्या त्या वाक्याचे चार बार असे होतील:

लिफ्ट बंद, पाटी तीच, तारीख जुनी
आजी वर, खाली तिची खुर्ची सुनी
तीन मजले, तीन महिने, एक खिडकी
पायरी म्हणे पायरीला, कुणी घेतली फिरकी

पहिल्या ओळीत अक्षरं १३, उच्चार मात्र ९. दुसरीत उच्चार ११, तिसरीत १०, चौथीत १३. पहिल्या ओळीत म्हणूनच मोकळी जागा आहे. "बंद" आणि "तीच"नंतर थांबता येतं आणि स्नेअर ऐकू येते. चौथी ओळ दाटीची आहे. तिथे धाप लागणार, म्हणून तिसऱ्या ओळीच्या शेवटी श्वासाची खूण करा. वहीत दर दोन बारनंतर एक तिरपी रेघ मारायची सवय लावा. श्वास कुठे घ्यायचा हे आधी ठरलेलं नसेल तर तो शब्दाच्या मधोमध घेतला जातो.

यमकाचीही एक गाठ आहे. मराठी वाक्य क्रियापदाने संपतं, त्यामुळे "जातो, येतो, पाहतो, राहतो" ही यमकं फुकट मिळतात. चार बारमध्ये कान विटतो. म्हणून अर्धा तास एकच बंधन घाला: ओळीच्या शेवटी क्रियापद चालणार नाही. वर "खिडकी" आणि "फिरकी" ही नामं शेवटी आल्यामुळे यमकाला वजन आलं. जमू लागलं की दुहेरी यमकाकडे जा, जसं "भिंत रंगली" आणि "शिस्त भंगली". इथे शब्दांच्या सुरुवातीची व्यंजनं वेगळी आहेत, स्वरांचा क्रम तोच आहे. लोकांना स्वर मोठ्याने ओढून म्हणायला सांगा, जोडी कान स्वतः शोधतो.

हूक, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायचं धृपद, दोन बारपेक्षा मोठं नको. शाहिराच्या मागे झील धरणाऱ्यांना लांबलचक ओळ कुणी देत नाही, तसंच इथे. एकदा ऐकून गर्दीला उचलता आलं तर ते हूक, नाहीतर ते कडवंच.

बीट कुठून आणायचं? इंटरनेटवर "फ्री" लिहिलेलं बीट अनेकदा फक्त विनाव्यावसायिक वापरासाठी असतं. व्हिडिओ चढवल्यावर हक्काचा दावा येऊ शकतो. त्यापेक्षा उलटी बादली, टेबल आणि बीटबॉक्स (तोंडाने काढलेला ताल) फोनवर रेकॉर्ड करून चार बारचा लूप, म्हणजे फिरून फिरून वाजणारा तुकडा, बनवा. कामचलाऊ असला तरी तो त्यांचा असतो.

भिंतीसाठी ओळ निवडणं आणि कापणं

सगळ्या ओळी भिंतीवर जात नाहीत, जाऊही नयेत. कसोटी अशी: बीट बंद केल्यावर, बाकीच्या ओळी झाकल्यावर, वाट चालणाऱ्या अनोळखी माणसाला ती उभी दिसते का? वरच्या चारांपैकी तिसरी दिसते. "तीन मजले, तीन महिने, एक खिडकी" हे सहाच शब्द आहेत आणि त्यातून चित्रही आपोआप सुचतं. चौथी ओळ म्हणायला झकास, पण एकटी वाचली तर कोडं वाटते. पाच ते सात शब्द ही मर्यादा पाळा.

अक्षराचा आकार अंतरावर ठरतो. फलक रंगवणाऱ्यांचं जुनं माप आहे: दर तीन मीटरला किमान अडीच सेंटीमीटर उंची. देवनागरीत काना-मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरं असल्याने त्याच्या दीडपट धरा. दहा मीटरवरून वाचायचं असेल तर शिरोरेषेपासून खालपर्यंत किमान १३ सेंटीमीटर, शक्यतो १५. दोन ओळींमधलं अंतर अक्षराच्या दुप्पट ठेवा, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो.

अक्षरं स्टेन्सिलने, म्हणजे कापलेल्या साच्यातून रंग लावून, उमटवा. त्यासाठी जाड ड्रॉइंग कागद चार-पाच छापांनंतर भिजून वळतो, पारदर्शक प्लास्टिक शीट कितीही छाप देते. कापताना देवनागरी खरी परीक्षा घेते. अक्षराच्या आत बंद झालेला भाग कापला की तो तुकडा गळून पडतो, म्हणून तिथे पूल, म्हणजे न कापलेली बारीक पट्टी, सोडावा लागतो. आपल्या ओळीतलं "म" पाहा: वर शिरोरेषा, डावीकडे दांडी, खाली आडवी, उजवीकडे काना. चारही बाजूंनी बंद. "क"ची डावी वाटी बंद, "ख"मधला "व"चा भागही बंद. "ब"मध्ये तर तिरकी रेघ वाटीचे दोन तुकडे करते, म्हणून तिथे दोन वेगळे पूल लागतात. सगळ्यात फसवी वेलांटी. "खि", "हि", "ती", "की" यांत तिची कमान दोन्ही टोकांना शिरोरेषेला टेकली तर वर एक बारीक चंद्रकोर अडकते आणि ती हमखास फाटते. कमानीचं एक टोक शिरोरेषेच्या अर्धा सेंटीमीटर वरच थांबवा, वाचायला काही फरक पडत नाही. "म", "प" यांच्यावर शिरोरेषाच मधे तोडली की आतला भाग बाहेरच्या शीटला जोडला जातो. पूल ५ मिलिमीटरचा असावा. तीन मिलिमीटरचा पूल नाजूक दिसतो खरा, पण दुसऱ्या छापाला तुटतो.

आधी आतले छोटे भाग कापा, बाहेरची रेषा शेवटी. उलट केलं तर शीट लटपटते आणि ब्लेड घसरतं. वळणावर ब्लेड फिरवू नका, शीट फिरवा. ब्लेड बोथट झालं की माणूस जोर लावतो आणि बोटं त्यानेच कापली जातात, म्हणून दर दोन-तीन अक्षरांनी टोक तोडा. लहान मुलं असतील तर कापणं मोठ्यांकडे, रंग मुलांकडे.

भिंत

मालकाची परवानगी लेखी घ्या, आणि कागदावर मजकूर व रेखाटन दोन्ही जोडा. नुसत्या "चित्र काढू द्या"वर मिळालेली परवानगी ओळ वाचल्यावर मागे घेतली जाते.

ओल तपासायला अर्धा मीटर प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि एक दिवस ठेवा. आतून थेंब दिसले तर त्या भिंतीवर रंग टिकणार नाही, पापुद्रे निघतील. नवं प्लास्टर असेल तर २८ दिवस थांबा. पोपडे खरवडून, झाडून, एक हात प्राइमर. पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक इमल्शन एक लिटरमध्ये एका हाताला साधारण १० चौरस मीटर झाकतो. ३ × ६ मीटरच्या भिंतीला दोन हातांना म्हणून चार लिटर. खडबडीत भिंत असेल तर पाच.

रेखाटन एकास दहा प्रमाणात करा, त्यावर २ सेंटीमीटरच्या चौकटी, भिंतीवर २० च्या. आडवी रेघ डोळ्याने मारू नका. दोन टोकांना पाण्याच्या नळीने पातळी जुळवा आणि खडूचं सूत मारा. शिरोरेषा सूतभर कलली तरी पूर्ण भिंत तिरकी दिसते.

स्टेन्सिलवर फोमचा रोलर वापरा, आणि तो जवळजवळ कोरडा असावा. रंगात बुडवून वर्तमानपत्रावर दोन-तीनदा फिरवा, मगच शीटवर. कडांखाली रंग पाझरतो तो बहुतेक वेळा रंग जास्त झाल्यामुळेच. दोन पातळ हात द्या, मधे दहा-पंधरा मिनिटं. स्प्रे कॅन घेणार असाल तर मोकळी हवा आणि वाफेसाठीचं काडतूस असलेला रेस्पिरेटर हवाच. कापडी मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. मुलांच्या गटात स्प्रे नको.

परवानगी, नावं आणि माईक

पाचव्या बैठकीत प्रत्येकाला तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: ओळ सर्वांसमोर म्हणायची का, भिंतीवर जाऊ द्यायची का, व्हिडिओत चालेल का. एकाला हो म्हणणारा माणूस दुसऱ्याला नको म्हणू शकतो, आणि ते कारण न विचारता मान्य करायचं. ओळ तिसऱ्याबद्दल असेल तर त्या आजीलाही विचारलं पाहिजे. रंग लागण्याच्या आदल्या रात्रीपर्यंत ओळ मागे घेता यायला हवी, म्हणून एक जादा ओळ कापून तयार ठेवा.

सादरीकरणात माईक तोंडापासून तीन ते पाच सेंटीमीटरवर, हात दांड्यावर. जाळी मुठीत झाकली की आवाज घोगरा होतो आणि स्पीकर शिट्टी मारतो. स्पीकर म्हणणाऱ्याच्या पुढे, गर्दीकडे तोंड करून ठेवा. बीटचा आवाज सुरुवातीला इतका कमी करा की शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द कळतील, मग थोडा वाढवा. सगळ्यात घाबरलेल्याला पहिला किंवा शेवटचा क्रमांक देऊ नका, हूकनंतर लगेच तिसरा द्या. तोवर गर्दी झील धरायला शिकलेली असते.

नावं भिंतीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, सगळी एकाच आकारात. कार्यशाळा घेणाऱ्याचं नावही त्याच यादीत, तेवढ्याच अक्षरांत. उरलेला रंग घट्ट झाकून, डब्यावर छटा आणि तारीख लिहून गटातल्याच कुणाकडे ठेवा. पहिल्या पावसानंतर खालची अर्धा मीटर पट्टी पुन्हा रंगवावी लागते.