देणगी मागायला शिकताना ठेवलेली वही

सामाजिक संस्थेत निधी उभा करण्याचे काम शिकू लागलेल्या नवख्याच्या हाती पावतीपुस्तक, माहितीपत्रक आणि देणगीदारांची यादी दिली जाते. त्यांच्या जोडीला स्वतःची एक वही ठेवावी, असा माझा आग्रह आहे. पावतीवर रक्कम उतरते, पण ती कोणाला विचारून आणि कोणत्या निमित्ताने दिली गेली, हे उतरत नाही. आणि आपल्याकडे दान बहुधा निमित्तानेच दिले जाते.

मी वहीचे पान उभे दुमडत असे. डावीकडे समोरच्याचे बोलणे शक्यतो त्याच्याच शब्दांत त्याच संध्याकाळी लिहायचे, आणि उजवीकडे मला लागलेला अर्थ, तोही दुसऱ्या दिवशी. ‘घरात विचारून सांगतो’ हे वाक्य थकलेल्या मनाला नकारच वाटते. तशा नोंदी एकत्र वाचल्यावर मात्र लक्षात आले की, अनेक घरांत थोरांच्या संमतीशिवाय दान न देण्याची रीतच असते. तेव्हापासून पुन्हा कधी येऊ, हे विचारल्याशिवाय मी उठत नसे. कोणी वडिलांच्या स्मरणार्थ पावती मागतो, कोणी गुप्तदान म्हणून नाव छापू देत नाही, आणि पाचशेच्या जागी ५०१ देणारे तर घरोघरी भेटतात.

वेळेच्या नोंदी सर्वांत उपयोगी पडल्या. सोयाबीन पिकवणाऱ्या गावात पेरणीच्या तोंडावर वर्गणी मागणे निर्दयपणाचे आहे. काढणीनंतर तोच शेतकरी हात आखडत नाही. रमजानमध्ये पुष्कळ मुस्लिम कुटुंबे वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीवर अडीच टक्के जकात काढतात. तिचे हक्कदार धर्माने ठरवून दिलेले असल्यामुळे इमारतीसाठी ती देण्यास अनेकजण तयार नसतात, गरजू विद्यार्थ्याच्या शुल्कासाठी मात्र देतात.

अशा नोंदींतूनच ‘अमुक समाजाचे लोक देतातच’ यासारखी वाक्ये जन्माला येतात. उजवीकडे तसे वाक्य दिसले की मी त्यापुढे ‘किती जणांवरून?’ असा प्रश्न लिहीत असे, आणि बहुतेकदा ते वाक्य तेथेच मोडत असे.

अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाविषयीही मी वहीत बरेच लिहिले होते. माणशी वर्षाला एक पैसा मागणाऱ्या त्या निधीतून १९०८ साली तळेगावात काचेचा कारखाना उभा राहिला. मागणी इतकी लहान की गरिबालाही देणाऱ्यांच्या रांगेत उभे राहता यावे. आजच्या मोठ्या देणगीदारांमागे धावणाऱ्या पद्धतीपेक्षा मला ही अधिक शहाणपणाची वाटते.

कायद्याचे मुद्दे शेवटच्या पानांवर वेगळे लिहावेत. उदाहरणार्थ, २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर देणाऱ्याला प्राप्तिकरात सवलत मिळत नाही. वहीत देणगीदाराचे पूर्ण नाव मात्र लिहू नये, आद्याक्षरे पुरतात, कारण विश्वासाने सांगितलेले घरगुती बोलणे कार्यालयातील टेबलावर उघडे पडता कामा नये.