परसात चूल आणि शेगडीचा ओटा बांधताना

मागच्या अंगणात स्वयंपाकाची जागा करायची म्हटलं की आधी टाइल्सच्या रंगावर चर्चा सुरू होते. रंगाचं नंतर बघा. वारा, आच आणि पावसाचं पाणी या तिघांची सोय आधी लावली, तर साधा विटांचा ओटाही वर्षानुवर्षं साथ देतो.

जागा ठरवा. संध्याकाळी, म्हणजे ज्या वेळी तुम्ही खरंच भाजायला बसणार, अंगणात उदबत्ती लावा आणि धूर कुठे जातो ते चार-आठ दिवस बघा. तो स्वयंपाकघरात शिरायला नको, आणि शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवरही जायला नको. झावळ्यांचं छप्पर, सुकी कुंपणं, लाकूडफाटा यांपासून 10 फूट तरी लांब राहा. जवळच थोडी मोकळी मातीची जमीन सोडा. हिवाळ्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्डीचा पाला मिळाला, की रायगडकडची पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगा, लावायला तिथेच मडकं उपडं घालता येतं. गच्चीवर बांधायचं असेल, तर स्लॅबला वजन पेलेल का हे इंजिनिअरला विचारल्याशिवाय काम काढू नका.

जोतं घाला. माती खणून 4 इंच मुरूम धुमसा, त्यावर 4 इंच पीसीसी, म्हणजे सळया नसलेलं साधं काँक्रीट. जमिनीला बाहेरच्या बाजूला फुटामागे पाव इंच उतार द्या. निदान 7 दिवस पाणी मारा.

शेगडीचा कप्पा बांधा. खरी कसोटी इथेच लागते. बाहेरची भिंत साध्या लाल विटांची आणि सिमेंटची चालेल, पण जिथे निखारे राहणार तिथे सिमेंटचा सांधा टिकत नाही. वारंवार तापून तो भुसभुशीत होतो. आतून भट्टीच्या अस्तराला वापरतात त्या, आच सोसणाऱ्या विटा (फायर ब्रिक) लावा, 9 × 4.5 × 3 इंचांच्या, आणि सांध्याला फायर क्ले, म्हणजे आच सोसणारी माती, वापरा. वीट पाण्यात बुडवून काढायची, सांधा अगदी पातळ ठेवायचा, 2-3 मिलिमीटरचा. आतल्या आणि बाहेरच्या भिंतीत अर्धा इंच फट सोडा. आतली वीट तापून फुगते, तिला जागा हवी.

कप्पा तिन्ही बाजूंनी बंद, समोरून उघडा. निखाऱ्यांच्या तळापासून दुसऱ्या आणि चौथ्या थरातल्या विटा दोन्ही बाजूंना दीड इंच आत सरकवून बसवा. जाळी ठेवायला दोन कठडे तयार होतात. निखाऱ्यांचा थर 2 इंचांचा धरला, तर खालच्या जाळीवर कणसं आणि पापलेट चटकन भाजतात. वरच्या जाळीवर कोंबडीची तंगडी बाहेरून न करपता आतपर्यंत शिजते. जाळी स्टेनलेस स्टीलचीच घ्या. बांधकामाची जस्ताचा मुलामा दिलेली जाळी स्वस्त पडते, पण तापली की तिच्यातून विषारी धूर निघतो.

चूल शेजारीच, वैलासकट, म्हणजे तिला जोडलेल्या बाजूच्या मंद आचेच्या तोंडासकट. भाजी उकळली की पातेलं वैलावर सरकवता येतं, आणि चुलीवर भाकरीचा तवा चढतो.

ओट्याची फरशी. उंची 33 इंच बहुतेकांना सोयीची. कडाप्पा किंवा ग्रॅनाइट चालेल, पण कप्प्याला भिडवू नका, आचेने तडकतो. सिंकचं पाणी जाळीतून गाळून केळी-अळूच्या वाफ्याकडे काढा.

गॅसची शेगडीही हवी असेल, तर सिलिंडरच्या कपाटाला अगदी तळाशी झरोके ठेवा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालीच साचतो.

वर पत्र्याचं छप्पर हवंच. पावसात भिजलेल्या विटा एकदम तापवल्या तर फुटतात.

पहिला जाळ. बांधकाम आठवडाभर सावलीत वाळू द्या. मग तीन-चार दिवस रोज थोडा थोडा, वाढवत जाळ करा. पहिल्या दिवशी फक्त काटक्या. शेवटी लोणारी (लाकडाचा) कोळसा घालून निखारे पांढुरके होऊ द्या, जाळी तापवा, अर्धा कांदा तेलात बुडवून तिच्यावरून फिरवा आणि मगच मासळी ठेवा, म्हणजे साल चिकटत नाही.